न विचारता तोडलेली झाडं

काका आजारी पडले नसते तर ती झाडं तोडली गेली नसती. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं, आणि पुढे जे काही घडलं त्यात तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच.

मावशी शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला काका. गल्ली संपून रस्ता चढाला लागतो तिथे त्यांचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, मधल्या खोलीत कपाट आणि ट्रंका, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं दार उघडलं की दगडी पायऱ्या, आणि पायऱ्या चढून वळलं की काकांची काजूची बाग. बाग म्हणायचं आपलं. ना रांग, ना अंतर. उतारावर जिथे खड्डा झाला तिथे झाड.

काकांनी उभा जन्म ट्रक चालवला. माल घेऊन लांब लांब जायचे, आठ-पंधरा दिवसांनी परतायचे, आणि अंघोळीला जायच्या आधी खिशातून काजूच्या बिया काढून मशीनच्या फळीवर ठेवायचे. जिथे गाडी थांबली तिथल्या, टरफलासकट. मग उतारावर खड्डा करायचा, बी लावायची, वर पाचोळा टाकायचा. असं करत करत उतार भरला. प्रत्येक झाडाला नाव होतं. एक पंक्चरचं, एक पोलिसाचं, कारण तिथे पोलिसाने गाडी दिवसभर उभी करून ठेवली होती. एक निरोपाचं. मुलगा झाला हा निरोप ज्या खानावळीत मिळाला, तिच्या मागच्या झाडाची ती बी.

मुलगा झाला तेव्हा मावशी अर्थातच घरी होती. काका पोचले तोवर मूल चांगलं टकमक बघायला लागलं होतं. त्या कुठल्याच गावाला ती कधी गेली नाही. पाहुणे आले की काका त्यांना उतारावर फिरवून एकेका झाडाची गोष्ट सांगायचे, आणि ती मागे चहाचे कप घेऊन उभी असायची. नवऱ्याचं अर्धं आयुष्य तिने असं झाडांच्या नावांवरूनच ऐकलं होतं.

काजूची वेचणी मात्र तिचीच. थंडीत मोहोर यायचा, गुलाबीसर, बारीक, त्यावर दिवसभर माश्या घोंघावायच्या. मोहोरातून आधी बी धरते, हिरवी, वाटाण्याएवढी, आणि फळाचा पत्ता नसतो. बी पुरती वाढली की मग तिच्या पाठीमागे बोंड फुगायला लागतं, पिवळं किंवा लाल, आणि पिकलं की बोंड आणि बी दोन्ही मिळून खाली येतात. झाडावरून तोडायचं नाही, पडलेलं वेचायचं. म्हणून आधी झाडाखालचं गवत-पाचोळा झाडून जमीन स्वच्छ करायची, मग रोज सकाळी वाकून वाकून गोळा करायचं, पीळ देऊन बी बोंडापासून सोडवायची आणि अंगणात उन्हात टाकायची. हलवल्यावर आतला गर खुळखुळला की वाळली. बोंडाचा रस साडीवर पडला तर डाग साडीबरोबरच जातो. टरफलाचा चीक लागला तर कातडी सोलून निघते. सगळा हंगामभर मागच्या दाराने आंबूस-गोड वास घरात येत राहायचा, आणि काका घरी असले की खुर्ची दारात ओढून तो वास घेत बसायचे.

पण झाडं म्हातारी झाली होती. उंच गेली होती, फांद्या एकमेकीत घुसल्या होत्या, आत ऊन पोचत नव्हतं. फळ धरायचं ते शेंड्याला, आणि बी इतकी बारीक की विकत घेणारा ओंजळीत घेऊन नुसता हसायचा. रस्त्यापलीकडचा नर्सरीवाला दरवर्षी यायचा आणि तेच सांगायचा. झाडं कमरेएवढी ठेवून वरून कापू, बुंध्याला नवे धुमारे फुटतील, त्यांच्यावर चांगल्या जातीची कलमं बांधू, तिसऱ्या वर्षी झाड हाताशी येईल आणि बी मोठी मिळेल.

काका त्याला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "मी आहे तोवर नाही."

मावशीला मनातून नर्सरीवाल्याचं पटायचं. तिची कंबर वाकली होती, काकांची नव्हे. पण ती कधी बोलली नाही.

मग एका सकाळी दात घासताना काकांच्या हातातला ब्रश गळून पडला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून मुलगा त्यांना शहरात आपल्या घरी घेऊन गेला. काही आठवडे मावशीही तिथे राहिली आणि थंडीच्या सुरुवातीला घर बघायला म्हणून एकटी परत आली. मागचं दार उघडून ती वर गेली. काही झाडांना मोहोर फुटायला लागला होता. खाली गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. यंदा हे सगळं आपण एकटीने कसं करायचं, असा विचार करत ती तिथेच एका दगडावर बसली, आणि उठली तेव्हा तिचं ठरलं होतं.

तिने मुलाला फोन केला. तो ऑफिसात होता. "आई, तुला योग्य वाटेल ते कर. बाबांना मात्र आत्ता काही सांगू नको," म्हणाला.

पुढे कधी कोणी मुलाला बोल लावला, तर मावशी तो लावू द्यायची नाही. "त्याला अर्धवट सांगितलं होतं मी," म्हणायची. "छाटायचीत म्हटलं. किती, ते नाही सांगितलं."

करवतवाला मशीनची करवत घेऊन आला. पहिल्या झाडाशी उभा राहून त्याने विचारलं, "मावशी, नक्की ना? काकांना विचारलंय ना?"

"हो," ती म्हणाली आणि घरात येऊन मशीनवर बसली. मागे करवत सुरू झाली तशी तिनेही पाय चालवायला सुरुवात केली. एका शर्टाची बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. दुपारी तिच्या मनात आलं, निदान निरोपाचं तरी ठेवावं. चपला न घालता ती पायऱ्या चढून वर धावली. ते झाड आडवं पडलं होतं. मोहोर तसाच होता आणि माश्यांना काही कळलं नव्हतं, त्या घोंघावतच होत्या.

तिला रडू आलं नाही. उलट, हे नंतर तिने स्वतःशी कबूल केलं, वर एवढं आकाश बघून तिला मोकळं वाटलं. त्या मोकळं वाटण्याची लाज मात्र तिला त्या दिवसापासून कधी सोडून गेली नाही.

बुंधे राहिले, कमरेएवढे. काही आठवड्यांत त्यांना तांबूस धुमारे फुटले. नर्सरीवाल्याने येऊन नीट होते ते ठेवले, बाकीचे काढले, आणि ठेवलेल्यांवर कलमं बांधून प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळल्या. दुरून बघितलं तर जखमांवर पट्ट्या बांधून माणसं बसवली आहेत असं वाटायचं. म्हणून मावशी दुरून बघायची नाही. खरं तर ती वर जायचंच टाळायला लागली.

उन्हं तापायला लागली तेव्हा काका घरी आले. चाकाच्या खुर्चीतून. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द सांडत सांडत यायचे. मावशीने पलंग पुढच्या खोलीत आणून ठेवला होता. "इथे हवा चांगली येते, आणि मला मशीनवरून लक्ष ठेवता येतं," ती म्हणाली. दोन्ही कारणं खरी होती. तिसरं तिने सांगितलं नाही.

गल्लीत तिने घरोघरी बजावलं होतं, की डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना कसलाही धक्का बसता कामा नये, झाडांचं नाव काढायचं नाही. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. लोकांनी मात्र शब्द पाळला. धोका होता तो एका न्हाव्याचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून तो काकांची दाढी करायला आला की मावशी कात्री हातात घेऊन दारात उभी राहायची. एकदा तो बोलून गेलाच. "काका, आता मागून वारा कसा झकास येतो नाही? आधी झाडांनी..."

मावशी खोकली. न्हावी गडबडला. "म्हणजे, पानगळ झाली ना झाडांची."

काकांनी साबणाच्या फेसातून विचारलं, "काजूला पानगळ? कधीपासून?"

"काजूला नाही हो, शेजारच्या सागाला," न्हावी म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने इतक्या झटपट दाढी उरकली की हनुवटीवर एक चीर पडली.

मग एक दिवस काकांनी तिला जवळ बोलावलं. "बोंडं पडायला लागली?"

"लागली की," ती म्हणाली.

"वास नाही आला."

"दार बंद असतं ना मागचं. उघडते."

ती शेजारणीकडे गेली. शेजारणीची स्वतःची काजू होती, कलमी, भरपूर धरायची. मावशीने तिला पडद्यांचं शिवण फुकटात करून द्यायचं कबूल केलं आणि बादली भरून बोंडं आणली. थोडी काकांच्या खिडकीखाली कुंडीमागे पसरली. ती आंबली, आणि संध्याकाळपर्यंत खोलीभर तो वास झाला. काका डोळे मिटून पडून राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून तसंही येतच असायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांना बिया हव्या झाल्या. तिने शेजारणीच्या वाळत घातलेल्यातून मूठभर आणल्या. होता होईल तेवढ्या बारीक निवडल्या, पण शेजारणीकडे बारीक असून असून किती असणार. काकांनी डाव्या हातात एक घेतली, कानाशी नेऊन हलवली, मग तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"यंदा बी मोठी आहे."

"खत घातलं होतं," मावशी म्हणाली.

काकांच्या चेहऱ्याची धड असलेली बाजू उजळली. "बघ," ते म्हणाले. "मी सांगत होतो ना. झाडं अजून देतात. तो नर्सरीवाला... वेडा आहे."

मावशी "हो" म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि भांडी घासलेली असतानाही पुन्हा घासली.

पावसाळ्यात व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायला लागली. फिजिओथेरपीचं शिकलेली, स्कूटरवरून यायची. सगळे तिला व्यायामवाली म्हणायचे. ती काकांना आजारी समजायचीच नाही. "काका, गिअर टाका. पहिला. आता दुसरा. क्लच सोडू नका," असं म्हणत त्यांना उठवायची, आणि काका हसता हसता उभे राहायचे. बोलणंही सुधारलं. पाऊस ओसरला तोवर ते वॉकरच्या चौकटीचा आधार धरून खोलीभर फिरायला लागले. मग चौकट जाऊन काठी आली.

शेजारपाजारच्या बायका मावशीला म्हणायच्या, नशीबवान आहेस गं. मावशी हसायची. घरात एक तिलाच ते चालणं नको होतं. काकांचं पाऊल पुढे पडलं की तिची नजर मागच्या दाराकडे जायची. एके दिवशी व्यायामाच्या वेळी काकांचा पाय अडखळला, आणि तिला बरं वाटलं. त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही. आपल्या माणसाचा पाय अडखळला म्हणून बरं वाटणारी बाई कुठल्या मातीची असेल, असं तिला स्वतःबद्दल वाटत राहिलं.

पुन्हा थंडी आली. व्यायामवाली एका सकाळी म्हणाली, "मावशी, काका आता एकटे दारापर्यंत जाऊ शकतात. फक्त काठी कायम त्यांच्या हाताशी असू द्या." तिने काठी पलंगाच्या कठड्याला अडकवली आणि गेली.

काका म्हणाले, "मोहोर आला असेल. संध्याकाळी ऊन उतरलं की वर जाऊ."

"पायऱ्या आहेत मध्ये."

"बसून बसून चढेन. घाई कसली आहे?"

जेवून ते झोपले. मावशी वाळलेले कपडे काढायला निघाली. पलंगाशी येऊन थांबली. तिने काठी कठड्यावरून काढली आणि समोरच्या भिंतीशी, दाराजवळ टेकवून ठेवली. काठी नाही दिसली तर हाक मारतील, आपण म्हणू उशीर झाला, आज राहू दे. एवढंच तिच्या मनात होतं. एक दिवस ढकलायचा होता.

काकांनी हाक मारली नाही. महिनाभरापासून त्यांना कोणाला हाक न मारता उठायची हौस होती. कठड्याला काठी नाही, समोर भिंतीशी आहे, हे बघून ते मशीनच्या कडेला धरत निघाले. मशीनच्या पायांना चाकं होती, ते सरकलं.

आवाज ऐकून मावशी धावत आली तेव्हा ते डाव्या कुशीवर पडले होते. चांगला होता तो हातच मनगटात मोडला होता.

दवाखान्यातून प्लास्टर घालून घरी आणलं. मुलगा शहरातून आला. काठी पलंगापासून इतकी लांब कशी, असं त्याने विचारलं, आणि काका म्हणाले, "सकाळी ती पोरगीच ठेवून गेली असणार." मुलाने तिथल्या तिथे फोन लावला. व्यायामवाली म्हणत होती, "मी काठी कठड्यालाच अडकवली होती, मावशींना विचारा." मुलाने आईकडे बघितलं. मावशी काकांच्या उशीचा अभ्रा बदलत होती. ती अभ्राच बदलत राहिली.

"उद्यापासून येऊ नका," मुलगा फोनवर म्हणाला.

मुलगा दुसऱ्या दिवशी परत गेला. काकांचा एक हात आजाराने गेलेला, दुसरा प्लास्टरमध्ये. घास भरवण्यापासून नाक पुसण्यापर्यंत सगळं मावशीवर आलं. ती मुकाट्याने करत होती, आणि काका दर थोड्या वेळाने त्या मुलीच्या नावाने चरफडत होते. "चांगली होती पोर. पण कामात लक्ष नाही. असल्यांना कामाला ठेवूच नये कोणी." न्हाव्यानेही ते ऐकलं, म्हणजे गावाने ऐकलं. बाजारात मावशीला कळलं की त्या मुलीला आणखी दोन घरांनी नको सांगितलं.

त्या दिवशी ती भाजी न घेताच परत आली. काकांना भात भरवायला बसली. दोन घास झाले. तिसरा हातातच राहिला.

"काठी मी हलवली होती," ती म्हणाली.

काकांना नीट कळलं नाही. "काय?"

"ती मुलगी कठड्याला लावून गेली होती. मी काढून तिकडे ठेवली."

"कशाला?"

"तुम्ही वर जाऊ नये म्हणून."

"का? मी पडेन म्हणून?"

तिला हो म्हणता आलं असतं. तसं म्हटलं असतं तर काकांनी दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं, हेही तिला दिसत होतं. ती खाली ताटाकडे बघत म्हणाली, "वर झाडं नाहीत. गेल्या थंडीत मी तोडून घेतली. तुम्ही शहरात होता तेव्हा. बुंध्यांवर कलमं बांधलीत."

काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"आणि बिया?" त्यांनी विचारलं.

"शेजारणीकडच्या."

"वास?"

"तोही."

"निरोपाचं?"

"ठेवणार होते. उशीर झाला."

तिने घास पुढे केला. काकांनी तोंड मिटून घेतलं. संध्याकाळी पुन्हा केला, पुन्हा मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीच्या हातून चहा घेतला आणि मावशीला सांगितलं, "सूनबाईला बोलावून घे."

सून आली. तिला काय ते मावशीनेच सांगितलं. सून शहाणी, तिने सासऱ्यांना भरवलं आणि सासूला काही विचारलं नाही. सून घरात आहे तोवर मावशीने करायचं ते करून घेतलं. ती व्यायामवालीच्या घरी गेली. मुलगी अंगणात स्कूटर पुसत होती. मावशीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी रोज विचार करत होते मावशी, की खरंच माझ्याच हातून राहिली की काय काठी. मला आता कठड्याला लावल्याचं आठवेनासंही झालं होतं."

मावशीला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

"ती दोन घरं सांग. मी जाऊन सांगते."

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

दोन्ही घरी ती गेली. एका घरच्या माणसाने दारातच ऐकून घेतलं आणि "असं का," म्हणून दार लावलं. त्यांनी दुसरं कोणी ठेवलं होतं. दुसऱ्या घरच्या बाईने तिला आत बसवलं, सगळं ऐकलं, आणि मुलीला पुन्हा बोलावलं. पण ऐकताना ती मावशीकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मावशीने घरापर्यंत पाठीवर वाहून आणली. मुलालाही तिनेच फोन करून सांगितलं. त्यावर "तू जेवलीस का?" एवढंच त्याने विचारलं.

सूनबाईची रजा संपली. ती गेल्यावर दुपारी मावशी ताट घेऊन पलंगाशी बसली. काकांनी तोंड उघडलं, पण भिंतीकडे बघत. प्लास्टर निघेपर्यंत ते असंच जेवले.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात व्यायामवाली परत आली. काकांनी तिच्यासमोर दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला, एकच वर आला. ती म्हणाली, "राहू द्या काका, गिअर टाका." जाताना मात्र ती आता काठी कठड्याला अडकवून मावशीला हाक मारायची. "बघितलीत ना?" मावशी येऊन बघायची, "बघितली" म्हणायची. हे रोज. मुलगी रागाने करत नव्हती, पण मावशीला रोज ते पोचायचं.

उन्हं वाढल्यावर काका म्हणाले, "वर ने मला."

एका बाजूला व्यायामवाली, एका बाजूला मावशी, असे ते बसत बसत पायऱ्या चढले. वळणावर थांबले. समोर मोकळा उतार, आणि त्यावर बुटकी, गोल, गर्द पानांची झुडपं. मावशीला वाटलं आता ते परत फिरतील. ते पहिल्या बुंध्याशी गेले.

"हे कुठलं?"

"पोलिसाचं."

"आणि ते?"

"पंक्चरचं. त्याच्या पलीकडे निरोपाचं."

काकांनी वळून तिच्याकडे बघितलं. भात भरवायच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "तुला सगळी ठाऊक आहेत?"

"मीच वेचत होते ना खाली," ती म्हणाली.

निरोपाच्या झाडाची पानं पिवळी पडली होती. काका काठीने बुंध्याशी टोकरत खाली बसले. मुळाशी लाकडाचा बारीक भुसा साचला होता आणि डिंक ओघळला होता. "खोडकिडा," ते म्हणाले. "कापलेल्या झाडाला आधी लागतो. बघायला आली नाहीस तू?"

"यायची नाही मी इकडे. बघवत नव्हतं."

"मग मेलंच हे."

तशी आणखीही काही निघाली. छाटून उभी केलेली झाडं, आणि नजर टाकायला कोणी नाही. मावशीसमोर हा दुसरा गुन्हा उभा राहिला. तोडली त्याचा एक, आणि तोडून तोंड फिरवलं त्याचा एक. काकांनी तिला घरून तार आणायला पाठवलं, आणि ज्यांच्यात जीव होता त्यांच्या भोकांत ती डाव्या हाताने घालून पांढऱ्या अळ्या ओढून काढायला लागले. तिने भोकाजवळची साल सोलून दिली. उतारावर सावली येईस्तोवर दोघं तेच करत होती, आणि कामापुरतंच बोलत होती.

खाली उतरायच्या आधी मावशी म्हणाली, "तुम्हाला विचारलं असतं तर..."

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून तर नाही विचारलं."

"तेच ना," काका म्हणाले.

तिसऱ्या वर्षी उरलेल्या झाडांना धड फळ धरलं. फांद्या इतक्या खाली की बसून वेचता यायचं. काका स्टुलावर बसून डाव्या हाताने पीळ देत बिया सोडवायचे, मावशी टोपली पुढे सरकवायची. विकत घेणाऱ्याने या खेपेला ओंजळीत घेऊन हसायचं सोडून मान डोलावली. नर्सरीवाला मुद्दाम बघायला आला. "मावशींनी हिंमत केली म्हणून झालं," तो काकांना म्हणाला. "आता तुम्हीच सांगा, बरोबर केलं की नाही त्यांनी?"

मावशीच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"झाडं चांगली झालीत," काका म्हणाले. "ती गोष्ट वेगळी."

नर्सरीवाल्याला ते कळलं नाही. तो चहा पिऊन गेला. मावशीला कळलं. ती वाकून झाडाखाली गेली आणि पडलेली बोंडं गोळा करायला लागली. थोड्या वेळाने काका मागून म्हणाले, "अगं, डाव्या बाजूला बघ, पानांखाली आहेत दोन." तिने पानं बाजूला केली. होती.